मेल्यात नाही, जित्यात नाही : टाकलेल्या एका आईचं प्रकरण

हे प्रकरण इचलकरंजीतलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि एक-दोन प्रसंग तशाच दुसऱ्या घरांतले इथं आणले आहेत. माणसांना नावं न देता नात्यानंच लिहिते : आई, थोरली, मधली, धाकटी, आजी. बाहेरचा माणूस एकच, मिस्त्री.

आईचं वय ४१. नवरा घर सोडून गेला त्याला नऊ वर्षं झालेली. तेव्हा थोरली दहा वर्षांची होती, मधली सात, धाकटी दोन. आता १९, १६ आणि ११. घर सासूच्या नावावर : दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. पडवीत दोन शिलाई मशीनं आणि कापडाच्या कडा शिवायचं एक ओव्हरलॉक. बारा महिने नाईटी-परकरांचं मजुरीकाम, सणासुदीला ब्लाउज. आजी सत्तरीच्या पुढची, मुलगा गेल्यावरही ह्यांच्यातच राहिलेली.

आई माझ्याकडं समुपदेशनाला आली ती थोरलीला घेऊन. तक्रार एवढीच की पोरगी तीन आठवडे घरात बोलत नाही. जेवते, कॉलेजला जाते, आल्यावर काज-बटणाला बसते, पण तोंड उघडत नाही. "हिला कुणीतरी भुलवलंय बघा, मॅडम. तेवढं काढून घ्या तिच्याकडनं. बाकी मला काय नको."

गप्प बसणं कधीपासून, असं विचारल्यावर मधलीनं नेमकं सांगितलं. आई वकिलाकडं जाऊन आली त्या रात्रीपासून. आईला रेशनकार्डावरचं नवऱ्याचं नाव काढायचं होतं, त्यासाठी काय कागद लागतील हे विचारायला ती गेली होती. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि घटस्फोटाचा एक मार्ग सांगितला. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ मध्ये तरतूद आहे : जोडीदार हयात असल्याचं सात वर्षं किंवा अधिक काळ ज्यांना एरवी कळलं असतं अशा कुणाच्याच ऐकिवात नसेल, तर त्या कारणावर घटस्फोट मागता येतो. आई घरी आली आणि जेवताना सगळ्यांसमोर म्हणाली, "कायद्यानं तो मेल्यात जमा झालाय. आता कागद करायचा तेवढा राहिलाय." थोरलीनं ताट सारलं ते त्याच वेळी.

त्या पहिल्या भेटीत मी एक प्रश्न विचारला : नऊ वर्षं रेशनकार्डावर ते नाव होतंच, मग आत्ताच का काढायचं? आई भडकली. "तुम्ही पोरीचं बघा. माझं काय काढताय?" मी तो प्रश्न बाजूला ठेवला, पण फाइलमध्ये लिहून ठेवला.

राग

ह्या बाईच्या रागाबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण शेजारपाजारी आणि तिच्या माहेरीही तो स्वभावाचा दोष मानला जात होता. "लई कडवट बाई आहे" हे मला तिच्या सख्ख्या भावानं सांगितलं.

नवरा गेला तेव्हा तिनं पोलिसात हरवल्याची नोंद करायची म्हटली. सासऱ्यांनी, तेव्हा ते हयात होते, बदनामीच्या भीतीनं करू दिली नाही. "येईल की, पुरुष माणूस आहे." पहिले चार-पाच महिने थोडे पैसे आले, मग बंद झाले. भिवंडीत दुसरं घर केलंय, असं कुणीतरी सांगितलं. खरं-खोटं करायला कुणी गेलं नाही. तिच्या मंगळसूत्राचं काय करायचं, हळदी-कुंकवाला बोलवायचं की नाही, हे गल्ली ठरवत राहिली. एका वर्षी बोलवायचे, दुसऱ्या वर्षी विसरायचे. ती मात्र दर वटपौर्णिमेला वडाला जायची, सगळ्यांच्या देखत. तिनं मला सांगितलं, "सात जन्म कोण मागतंय? मी वडाला म्हणायचे, ह्याच जन्मातला हिशेब दे म्हणावं त्याला."

अमेरिकेतल्या पॉलीन बॉस ह्या अभ्यासिकेनं १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम केलं. माणूस घरात नाही, पण गेला असंही म्हणता येत नाही, अशा अवस्थेत घरच्यांचं दुःख अडकून राहतं, हे तिनं मांडलं. मेलेल्या माणसाचा दहावा-तेरावा होतो, लोक भेटायला येतात, रडायला मुभा मिळते. टाकून गेलेल्याचं काहीच होत नाही. ह्या आईला नऊ वर्षांत कुणी 'वाईट झालं' असं एकदाही म्हटलं नव्हतं. उलट, 'तुमचंच कायतरी चुकलं असंल' हे मात्र अनेकदा ऐकवलं होतं.

अशा जागी उभं राहायला तिला राग उपयोगी पडला, असं माझं स्पष्ट मत आहे. रागानं तिला पहाटे साडेचारला उठवलं. नवऱ्याचे शर्ट उसवून तिनं पायपुसणी शिवली आणि ती बाजारात विकली. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज कर, असं एका ओळखीच्यानं सुचवलं तर तिनं त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. "निराधार तू. माझं मशीन आहे." योजनेत तिच्यासारख्या बाईला महिन्याला १५०० रुपये मिळतात आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं. पोरींना दोन वेळा जेवायला घालून शाळेत पाठवणारी कुठलीही बाई त्या मर्यादेत बसणं अवघडच, पण तिनं तेवढा हिशेबही केला नाही. तो शब्दच तिला नको होता.

ह्या रागाची किंमतही होती आणि ती मुलींनी दिली. घरात बापाचा एकही फोटो नव्हता. लग्नाच्या फोटोतून त्याचा भाग कात्रीनं कापलेला. धाकटीला बापाची आठवण नाही. तिनं मला खालच्या आवाजात विचारलं, "माझं नाक कुणासारखं आहे, तुम्हाला माहीत आहे?" मधली अभ्यासात घुसली. शाळा, क्लास, मैत्रिणीचं घर, जितका वेळ बाहेर काढता येईल तितका. आणि थोरली बापाच्या जागी बसली.

हे उपमेनं म्हणत नाही. जेवायला कोण कुठं बसतं, ह्याचं चित्र मी तिघींकडून वेगवेगळं काढून घेतलं. तिन्ही चित्रांत थोरली दाराकडे तोंड करून, आईच्या समोर, वडिलांच्या पाटावर. व्यापाऱ्याकडचा हिशेब ती बघायची. बहिणींच्या शाळेत पालकसभेला ती जायची. रात्री कडी ती लावायची आणि दाराशी झोपायची. आई कुठलाही निर्णय तिला विचारल्याशिवाय घेत नव्हती. सगळे कौतुक करायचे, "पोरगी नाही, पोरगा आहे." कुटुंबांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकानं असं मूल पाहिलेलं असतं. दहाव्या वर्षी कर्तेपण आलेलं मूल अनेकदा हुशार, जबाबदार आणि फार एकटं असतं. त्याला आईवर रागावता येत नाही, कारण आई त्याच्यावरच टेकलेली असते.

मिस्त्री

आईनं मिस्त्रीचं नाव काढलं ते बऱ्याच भेटींनंतर, तेही मी विचारलं नसताना.

ओव्हरलॉक टाका सोडत होतं. नेहमीचा माणूस गावाला गेलेला, म्हणून व्यापाऱ्यानं दुसरा पाठवला. वय ४८, बायको जाऊन सहा वर्षं, एक मुलगा पुण्यात कंपनीत. त्यानं मशीन उघडलं, लूपर नीट बसवला, तेल घातलं आणि जाताना पडवीच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेलं जुनं पायमशीन पाहून विचारलं, "हे कुणाचं?" ते तिच्या आईचं होतं, माहेराहून आलेलं, कित्येक वर्षं बंद. पुढच्या आठवड्यात तो त्याचा पट्टा आणि शटल घेऊन आला. पैसे घेईना. तिनं नोटा त्याच्या पिशवीत कोंबल्या आणि पुन्हा फुकट काम केलंत तर पायरी चढू देणार नाही म्हणून बजावलं. तो "बरं वैनी" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी छापील पावती आणून दिली.

मला ही पावतीची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ह्या बाईला उपकाराची चीड होती आणि त्या माणसानं ते ओळखलं. मन वळवायला गेला नाही, वाद घातला नाही, तिच्या अटीवर व्यवहार केला. नऊ वर्षांत तिच्याशी बरोबरीनं वागलेला तो पहिलाच पुरुष असावा.

पुढं मशीन बिघडलं नाही तरी तो येऊ लागला. पडवीत, दार उघडं, आजी समोर बसलेली. एकदा त्यानं विचारलं, "जेवला का तुम्ही?" आई मला हे सांगताना थांबली. मग म्हणाली, "मॅडम, घरात सगळ्यांना मी विचारतो. मला कोण विचारत नव्हतं." आमच्याकडं बायका बोलता बोलता अशा 'विचारतो, करतो' म्हणतात, पण त्या दिवशी ते वाक्य मी तसंच्या तसं लिहून घेतलं.

गल्लीनं दखल घेतलीच. 'मशीन लई बिघडतंय हल्ली' असं कुणीतरी तिच्या तोंडावर म्हणालं. मिस्त्री वेगळ्या जातीचा, त्यामुळं भावानं येणं बंद केलं. "तीन पोरींची लग्नं करायची आहेत, लाज नाही वाटत?" ही त्याची शेवटची ओळ. आणि तिला खरोखर लाज वाटत होती. ज्या पोरींना पुरुषाच्या जातीवर भरवसा ठेवू नका म्हणून वाढवलं, त्यांना आता काय तोंडानं सांगायचं, हा तिचा प्रश्न होता. आत्ताच का, ह्याचं उत्तर मला मिळालं. नवऱ्याचं नाव रेशनकार्डावरून काढायचं होतं, कारण ती पुढचं आयुष्य मनात आणू लागली होती.

थोरली

थोरली मिस्त्रीमुळं गप्प झाली असावी, हा सोपा निष्कर्ष होता. आजीनंही तोच काढला होता. थोरलीला एकटीला भेटत राहिले तेव्हा वेगळंच निघालं.

तिचा बापाशी संपर्क होता. दहावीत असताना तिनं फेसबुकवर त्याला शोधलं होतं. गेली तीन वर्षं ती महिन्या-दोन महिन्यांनी कॉलेजच्या आवारातून त्याला फोन करायची. तो भिवंडीत होता, यंत्रमागावर कामाला. दुसरं घर होतं, एक लहान मुलगाही. पण तो बाईसाठी गेला नव्हता. मंदीत स्वतःचे चार माग भंगाराच्या भावानं विकले, हातउसनं फिटेना, देणेकरी दारात येऊ लागले, तेव्हा एका रात्री तो निघून गेला. ती बाई नंतर आयुष्यात आली.

हे त्याचं म्हणणं. मला ते खोटं वाटलं नाही आणि त्यानं त्याचा दोष कमीही होत नाही. कर्ज दोघांच्या संसाराचं होतं, पळाला एकटा. देणेकरी नंतर आईच्याच दारात बसले.

थोरलीची कोंडी आता कळली. वडील जिवंत आहेत हे तिला माहीत आणि आई शपथेवर लिहून देणार की सात वर्षांत ते हयात असल्याचं कुणाच्याच ऐकिवात नाही. खरं बोलावं तर आईशी तीन वर्षांची बेइमानी उघडी पडते. गप्प राहावं तर आपल्याच बापाला आपण कागदावर मारतो. ती रडत म्हणाली, "आई त्यांच्यावर चिडते ते बरोबरच आहे. पण मला ते आठवतात. माझ्या सायकलला त्यांनी धरलं होतं." आई आणि बाप ह्यांच्यातला एक निवडल्याशिवाय प्रेम करता येत नाही, असं ज्या मुलांना वाटतं, ती मुलं बहुतेक वेळा आतून अशीच चिरलेली असतात.

माझ्यापुढं इथं एक निर्णय होता. थोरली १९ वर्षांची, म्हणजे सज्ञान. तिनं विश्वासानं सांगितलेलं तिच्या परवानगीशिवाय आईला सांगायचं नाही, हा आमच्या कामाचा पाया आहे. पण अर्ज दाखल होऊ देणंही बरोबर नव्हतं. मी थोरलीला दोन गोष्टी सांगितल्या. सांगायचं तर तिनंच सांगायचं, मी शेजारी बसेन. आणि घटस्फोटासाठी बापाला मेलेला ठरवायची गरजच नाही. त्याच कलम १३ मध्ये सलग दोन वर्षं सोडून जाण्याचंही कारण आहे, ते इथं लख्ख लागू होतं. हे कळल्यावर तिचा चेहरा बदलला. कायद्याची एक ओळ कधी कधी समुपदेशनापेक्षा जास्त काम करते.

तिनं आईला सांगितलं. आई बराच वेळ बोलली नाही. शिव्या, आरडाओरडा, मी सगळ्याची तयारी ठेवली होती. तिनं विचारलं ते एकच : "माझं काय सांगितलंस त्याला?"

थोरली म्हणाली, "सांगितलं, आई हल्ली हसते."

"मग?"

"बरं झालं म्हणाले."

त्या संध्याकाळी आई रडली. तिच्या म्हणण्याप्रमाणं नवरा गेल्यापासून पहिल्यांदा.

कागद

पुढचे काही महिने कायद्याचे होते. वकिलांनी सात वर्षांचा मुद्दा सोडून दिला. थोरलीनं फोन केला आणि बाप आला. आईला वाटलं होतं की तो समोर आला तर आपण त्याची गचांडी धरू. तो आला तो केस पिकलेला, दम्यानं धापा टाकत, खुर्चीच्या कडेवर बसलेला. आई नंतर म्हणाली, "एवढ्याशा माणसावर मी एवढा राग घालवला?" मी तिला म्हटलं, राग त्याच्यावर गेला असेल, पण त्या रागावरच पोरी वाढल्या. ते तिला पटलं का, सांगता येत नाही.

दोघांच्या संमतीनं घटस्फोटाचा अर्ज झाला. त्यात पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. परिस्थिती पाहून न्यायालय ही मुदत माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली म्हटलं आहे, पण आईनं माफी मागितली नाही. "नऊ वर्षं गेली, सहा महिन्यांनी काय होतंय." मुलींच्या खर्चाची रक्कम अटींमध्ये लिहून घेतली. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ प्रमाणे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीची जबाबदारी बापावर असते आणि ती १८ व्या वर्षी संपत नाही. हे अनेक आयांना माहीत नसतं, म्हणून इथं मुद्दाम लिहिते. निकाल लागेपर्यंत दुसरं लग्न करायचं नाही, हेही वकिलांनी बजावलं होतं. पहिलं लग्न कायम असताना केलेला विवाह अवैध ठरतो आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ प्रमाणे सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. गावाकडं 'त्यानं टाकली, म्हणजे सुटली' असं समजून काडीमोडावर लग्नं लावली जातात आणि पुढं बाईच गोत्यात येते.

खरा धोका घराचा होता. नांदत्या बाईला सासरच्या घरात राहण्याचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं दिला आहे, पण घटस्फोट होऊन तिनं दुसरं लग्न केलं तर त्या आधारावर ते घर धरून ठेवणं अवघड. घर आजीच्या नावावर. इथं आजीनं जे केलं ते कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. तिनं तिन्ही नातींच्या नावे बक्षीसपत्र केलं. महाराष्ट्रात राहतं घर मुलांना किंवा नातवंडांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपयेच आहे, बाकीचे आकार वेगळे, त्यामुळं खर्चही आवाक्यात राहिला. आजी सुनेला म्हणाली, "माझा ल्योक गेला तवा तू बी जाऊ शकली असतीस. न्हाई गेलीस." मिस्त्रीबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. अजूनही तो आला की ती आत जाऊन बसते.

देशात ही अवस्था अपवादानं येत नाही. २०११ च्या जनगणनेत विभक्त राहणाऱ्या स्त्रियांची संख्या २३ लाखांच्या वर होती, घटस्फोटित स्त्रियांच्या दुपटीहून जास्त. महाराष्ट्रात संगमनेरच्या कार्यकर्त्यांनी १९८० च्या दशकातच परित्यक्तांचा, म्हणजे टाकलेल्या बायकांचा, प्रश्न चळवळ म्हणून उभा केला, म्हणून निदान पोटगी आणि रेशनकार्डाबद्दल तरी बोललं जाऊ लागलं. अशा बाईला पुन्हा कुणी आवडू शकतं, ह्याबद्दल मात्र आजही कुणी बोलत नाही.

मुली आणि मिस्त्री

मिस्त्रीच्या चांगुलपणावर माझा विश्वास बसला होता, तरी तिन्ही मुलींशी मी एकेकटीनं बोलले. वयात आलेल्या मुली असलेल्या घरात नवा पुरुष येणार असेल तर हे टाळायचं नाही, माणूस कितीही सज्जन असो. कधी नको वाटेल असं काही बोलला का, स्पर्श केला का, एकटं गाठलं का, हे साध्या शब्दांत विचारलं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक धाकटीलाही पाठ करायला सांगितला. तिघींनीही तसं काही नाही म्हणून सांगितलं. मधली मात्र म्हणाली, "ते चांगले आहेत. पण आम्ही झोपतो तिथं कुणी पुरुष नको. त्यांचा मुलगापण नको."

हे मी मधलीच्या परवानगीनं आईसमोर ठेवलं. आईला लागलं, पण तिनं ऐकून घेतलं. मिस्त्रीशीही एकदा बोलणं झालं. तो म्हणाला, "पोरी म्हणतील तसं. मला घर आहे, मला जागा नको." तो आता आईला वैनी म्हणत नाही. काय म्हणतो ते मी विचारलं नाही.

सध्या

घटस्फोटाचा निकाल लागला आहे. लग्नाची तारीख ठरलेली नाही. मधलीची बारावी होईपर्यंत थांबायचं, असं आईनं ठरवलं आणि मिस्त्रीनं मान्य केलं. रविवारी तो जेवायला येतो. भाऊ अजून बोलत नाही. बापाकडून पैसे दोन महिने आले, तिसऱ्या महिन्यात चुकले, आणि आई पूर्वीसारखीच भडकली. फरक एवढाच पडला की ह्या वेळी थोरलीनं फोन केला नाही. "तुमचं तुम्ही बोला" म्हणून तिनं फोन आईच्या हातात दिला. पालकसभेला आता आई जाते. थोरली अजून बापाशी बोलते, घरातून, सगळ्यांच्या देखत. धाकटीनं त्याचा फोटो मागून घेतला आहे.

फाइल बंद केलेली नाही. मधलीनं स्वतःहून वेळ मागितली आहे, एकटीला. घरातल्या दंग्यात तिच्याकडं कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. पुढचं काम तिच्याबरोबर आहे.